हातात दिलेला चेंडू

कुणी विचारलं, तुम्ही काय करत होता, तर मी 'मार्कर' म्हणून सांगतो. समोरचा माणूस माझ्या खिशाकडं बघतो. तिथं पेन दिसत नाही, मग तो विषय बदलतो. मार्कर म्हणजे टेनिस क्लबातला पगारी खेळाडू. मेंबर एकटाच आला, त्याला जोडीदार नसला, तर त्याच्याशी खेळायचं. नवीन माणसाला रॅकेट धरायला शिकवायचं. मातीच्या कोर्टावर पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेषा आखायच्या, जाळी ताणून बांधायची. सोलापुरातल्या एका क्लबात हे काम मी तेहतीस वर्षं केलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, तरी सकाळचे दोन तास अजून जातो. घरी बसलो की गुडघे आखडतात.

गाव माझं मोडनिंब. क्लबात मी आलो तो कोर्टावर माती टाकायच्या कामाला. टेनिस हा शब्दही तिथंच ऐकला. रोलर ओढता ओढता बघून शिकलो, आणि जुने मार्कर गेल्यावर त्यांची रॅकेट माझ्या हातात आली.

या कामातलं खरं कसब बाहेरच्या माणसाला दिसत नाही. त्याला वाटतं, मार्कर चांगला खेळतो म्हणजे जोरात मारत असेल. तसं नाही. मार्करनं चेंडू मेंबरच्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर, अर्धं पाऊल सरकलं की रॅकेटच्या मधोमध बसेल असा द्यायचा. मेंबरनं तो कुठंही मारला तरी धावत जाऊन आणायचा आणि परत तिथंच द्यायचा. दहा-बारा चेंडू असे गेले की मेंबर खूश होतो. आपण फार छान खेळलो असं वाटून तो घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर येतो. हे मला इतकं जमायचं की डोळे मिटून चेंडू ठेव म्हटलं असतं तरी ठेवला असता. याचा मला अभिमान होता. तो पुढं उतरला, ती गोष्ट सांगायची आहे.

त्याआधी एक सांगतो. हौशी खेळाडू वयाच्या पंचेचाळिशीत एक तक्रार घेऊन येतो. "दत्ता, माझा फोरहँड बिघडलाय." मग तो नवी रॅकेट घेतो. एक बँकेतले साहेब होते, ते मॅच हरले की रॅकेट बदलायचे. एकदा वर्षात चार बदलल्या. तारा सैल झाल्या, मूठ जाड झाली, वारा डावीकडून होता, सगळं सांगून झालं. फोरहँड मात्र होता तसाच होता. माणूसच चेंडूपाशी अर्धं पाऊल उशिरा पोचत होता. उशिरा पोचलं की हात आखडतो, अंग मागं कलतं, आणि चेंडू जाळीत जातो. हात दिसतो, म्हणून माणूस हाताला दोष देतो. पाय लबाड असतात, ते आपण दमलोय असं कधी सांगत नाहीत. हे सगळं मला कळत होतं, पण मेंबरला तोंडावर कोण सांगणार, की साहेब, तुमचे पाय गेलेत?

म्याकल शेठनाही मी अकरा वर्षं हे सांगितलं नाही.

शेठ म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातले टॉवेलचे कारखानदार. घरात तेलुगू, कामगारांशी मराठी, आणि रागावले की दोन्ही. बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी 'शुगर वाढलीय, काहीतरी खेळा' म्हटलं म्हणून क्लबात आले. हात असा गोड, की असा मेंबर मी दुसरा बघितला नाही. बॅकहँड मारायचे तेव्हा शेजारच्या कोर्टावरचे लोक थांबून बघायचे. अंगानं भारी होते, दिवसभर गादीवर बसून काम, पण माझ्याशी खेळताना ते कुणाला जाणवत नव्हतं. कारण त्यांना पळावं लागतच नव्हतं. पळायचो मी. अकरा वर्षं रोज सकाळी साडेसहा ते साडेसात मी त्यांच्या हातात चेंडू दिला, आणि ते स्वतःला क्लबातले पहिल्या तिघांतले समजू लागले. लोकही समजत होते.

मग सरोज मॅडम आल्या.

सरोज गायकवाड, मुलींच्या एका शाळेत पीटीच्या शिक्षिका. मूळच्या करमाळ्याच्या, राहायला जुळे सोलापुरात. स्कूटीवरून यायच्या, साधे कॅनव्हासचे बूट घालून. छत्तीस-सदतीस वय. कॉलेजात असताना खो-खो खेळायच्या, जिल्ह्याच्या संघातून. टेनिसची रॅकेट त्यांनी माझ्याकडंच पहिल्यांदा धरली. हात म्हणाल तर ओबडधोबड. फोरहँड असा मारायच्या की चपातीचं पीठ झटकतायत. पण त्यांना चेंडू चुकवता येत नव्हता. डावीकडं टाका, उजवीकडं टाका, जाळीपाशी टाका, मॅडम तिथं उभ्या. मारणं कसंही असो, चेंडू परत यायचा.

वर्षभरानं क्लबातल्या वार्षिक स्पर्धेत त्यांनी नाव दिलं. बायकांमध्ये तिघीच होत्या, म्हणून त्या म्हणाल्या, "मला पुरुषांत घाला की. हरले तर हरले." काही जण गालात हसले. पहिल्याच फेरीत त्यांची गाठ म्याकल शेठशी पडली.

पहिला सेट शेठनी सहा-तीन घेतला. बघत राहावं असा खेळ. पण त्या सेटमध्येही मॅडमनी प्रत्येक चेंडू चार-चार वेळा परत आणला होता. शेठना जो पॉइंट दोन फटक्यांत मिळायचा, त्याला आठ लागत होते. दुसऱ्या सेटमध्ये त्यांचे पाय जमिनीला चिकटायला लागले. आधी ते चेंडूकडं वाकायचे बंद झाले. मग पाऊल टाकायच्या ऐवजी हात लांब करायला लागले. मग तो गोड बॅकहँड जाळीत जायला लागला. पुढचे दोन्ही सेट मॅडमचे, सहा-एक, सहा-शून्य. हात मिळवताना मॅडम म्हणाल्या, "काका, तुमचा हात मला द्या, माझे पाय तुमी घ्या." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण बाकावर बसलेले लोक खो-खो हसले, आणि शेठ रॅकेटची पिशवी न घेताच गाडीकडं गेले.

मी पिशवी घेऊन मागं गेलो. काचेआडून त्यांनी विचारलं, "दत्ता, मी इतका वाईट खेळतो का रे?"

"न्हाय शेठ. हात चांगलाच हाय तुमचा."

"मग?"

मी पिशवी मागच्या सीटवर ठेवली. त्यांनी काच खाली घेतली. "मला पळव," ते म्हणाले. "उद्यापासून."

इथं माझी चूक झाली. ती मी कुणावर ढकलत नाही. मला पळायला शिकवता येत नव्हतं. मी लहानपणापासून पळत आलो होतो, शेतात पळालो, कोर्टावर पळालो. पळणं शिकवायची गोष्ट आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मी दुसऱ्या दिवसापासून त्रेपन्न वर्षांच्या, जडावलेल्या, शुगर असलेल्या माणसाला कोर्टाच्या या रेषेपासून त्या रेषेपर्यंत पळवायला लागलो. दहा फेऱ्या, मग वीस. नंतर दोरीच्या उड्या. त्याच वर्षी क्लबानं मातीचं एक कोर्ट काढून सिमेंटचं केलं होतं, वर निळा रंग. मातीवर पाय थोडा घसरतो, अंगाला दणका कमी बसतो. सिमेंट काही सोडत नाही. पण नवीन कोर्ट शेठना आवडायचं, म्हणून आम्ही तिथंच पळायचो. एक दिवस विश्रांती नाही. एप्रिल लागला होता. सोलापुरातला एप्रिल म्हणजे पहाटे सहालाही कोर्टाला हात लावला तर कालचं ऊन लागतं.

पाच आठवडे झाले. शेठ बारीक झाले, चेहरा उतरला, पण खूश होते. "दत्ता, मला पंचविशीतलं वाटायलं," म्हणायचे. मीही खूश. बघा, आपण केलं, असं मनात येत होतं.

एका गुरुवारी ते आले आणि बाकावर बसून पोटरी चोळत राहिले. "आज जड वाटायली," म्हणाले.

मी म्हणालो, "पळालं की हलकी होती शेठ. उठा."

ते उठले. तिसऱ्या फेरीला मी जाळीपाशी एक आखूड चेंडू टाकला, आणि "धरा!" म्हणून ओरडलो. त्यांनी झेप घेतली, आणि लाकडी फळी मोडावी तसा आवाज आला. शेठ खाली बसले नाहीत, आधी मागं वळले. रागानं बघितलं. "कोण मारलं?" म्हणाले. त्यांना वाटलं, मागून कुणीतरी पायावर काठी मारली. मागं कुणी नव्हतं. मग त्यांनी पाय टेकायला बघितलं आणि तो टेकलाच नाही.

उजव्या टाचेच्या वरची जाड शीर तुटली होती. हाडाच्या डॉक्टरांनी दाखवलं, टाचेच्या वर बोट ठेवलं की दोरी लागते ना, तिथं खड्डा होता. ऑपरेशन झालं. प्लॅस्टर, मग बूट, मग वॉकर. डॉक्टर म्हणाले, चालतील नक्की. खेळायचं मी आत्ता बोलत नाही.

मी आठ दिवस त्यांच्या घरी गेलो नाही. धाडस होत नव्हतं. माझ्या बायकोनं एकदा ताट वाढता वाढता विचारलं, "शेठना बघून आलासा का?" मी 'जाणाराय' म्हटलं. तिनं परत विचारलं नाही, तेव्हा मला जावंच लागलं.

दार अक्कांनी उघडलं. अक्का म्हणजे शेठच्या मिसेस, सगळे त्यांना अक्काच म्हणतात. मला वाटलं, दारातूनच परत पाठवतील. त्यांनी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं म्हणून ते पळले नाही. बाईकडून हरले म्हणून पळले. तुम्ही जीवाला लावून घेऊ नका."

हे ऐकून मला जास्तच लागलं, कारण त्यांना सगळं माहीत नव्हतं. मी आत गेलो. शेठ पाय उशांवर ठेवून पडले होते, मोबाइलवर कुणाची तरी मॅच बघत होते. मी उभ्यानंच बोललो, "शेठ, त्या दिवशी तुमी पोटरी जड हाय म्हणला हुता. मी उठवलं. मी ऐकायला पायजे हुतं."

त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. 

"ते एक दिवसाचं हाय," ते म्हणाले. "मी पण उठलो की. पण एक सांग. अकरा वर्षं तू मला हातात बॉल दिलास. मी पळू शकत नाही, हे तुला दिसत होतं का नाही?"

"दिसत हुतं."

"मग एकदा तरी सांगायचं की रे."

  मेंबर खूश राहावा म्हणून गप्प राहिलो, हे बोलायची लाज वाटली. 

सरोज मॅडमना मी हे सगळं सांगितलं. त्यांनाही ते वाक्य बोलल्याचं वाईट वाटत होतं. त्या म्हणाल्या, "मामा, तुमी त्यांना पळवलं, पण सुरुवात कशी करायची ते शिकवलंच नाही." मग त्यांनी मला कोर्टावर बसवून दाखवलं. खो-खोत पाठलाग करणारे रांगेत उकिडवे बसलेले असतात. पाठीवर हात पडला, 'खो' ऐकलं, की उठायचं. "उठायला उशीर झाला की पुढं वाऱ्यासारखं पळून उपेग न्हाय. गडी गेलेला असतो. पळणं शेवटी येतं, मामा. पहिल्यांदा तयार बसणं, मग उठणं, मग पहिली दोन पावलं. टेनिसात तरी पळायला जागा किती हाय? चार-पाच पावलं. त्यातली पहिली दोन लवकर पडली की झालं."

इतकी वर्षं टेनिसात घालवून हे मला एका खो-खोवालीनं सांगितलं. समोरचा चेंडू मारतो त्या क्षणी आपण जागच्या जागी एक बारीक उडी मारायची, म्हणजे टाच उचललेली राहते आणि कुठल्याही बाजूला निघता येतं, हे मी स्वतः रोज करत होतो. मी ते कुणालाच शिकवलं नव्हतं, कारण मी चेंडू हातात देत असताना त्याची गरजच नव्हती.

पाच महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मॅडम शेठच्या घरी गेल्या, मीही बरोबर. फिजिओथेरपीवाल्यानं जे लिहून दिलं होतं, त्याच्या पुढं त्यांनी एक पाऊल टाकलं नाही. जिन्याच्या पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, आधी दोन्ही पायांवर, दोन महिन्यांनी एका पायावर. रोज चालायचं, सपाट रस्त्यावर. टाचांच्या व्यायामाला एक दिवसाआड विश्रांती. शेठ वैतागायचे. "हे काय लहान मुलासारखं पायरीवर? टेनिस कधी?"

मॅडम म्हणायच्या, "काका, टाच दुखली तर सांगायचं. न दुखता सांगितलं तरी चालंल. लपवलं तर मी यायची न्हाय."

ते मला उद्देशून नव्हतं, पण मी ऐकून ठेवलं.

दहाव्या महिन्यात शेठ कोर्टावर आले, मातीच्या. पहिल्या दिवशी आम्ही फक्त ती बारीक उडी केली. रॅकेट नाही, चेंडू नाही. मी रिकामा हात फिरवायचा, त्यांनी उडी घ्यायची. शेजारच्या कोर्टावरचे बँकेतले साहेब म्हणाले, "काय दत्ता, शेठना नाच शिकवायलास का?" शेठ म्हणाले, "तुम्ही पण या. रॅकेट बदलायचा खर्च वाचेल." त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघं मोकळं हसलो.

मग मी त्यांना चेंडू द्यायला लागलो, हातात नाही, दोन पावलं लांब. पहिल्यांदा द्यायची वेळ आली तेव्हा माझा हात ऐकेना. सवयीनं तो चेंडू त्यांच्या कमरेपाशीच नेऊन ठेवत होता. चौथ्या-पाचव्या चेंडूला जमलं. शेठ दोन पावलं गेले, वेळेवर पोचले, आणि तो जुना बॅकहँड निघाला. तो पूर्वीपेक्षा चांगला होता असं म्हटलं तर खोटं होईल. पण यावेळी तो त्यांचा स्वतःचा होता.

त्यानंतर मी सगळ्याच मेंबरांना तसं खेळवायला लागलो. दोघांनी सेक्रेटरींकडं तक्रार केली, की दत्ताचं वय झालंय, त्याचा बॉल आता नीट येत नाही. सेक्रेटरींनी मला बोलावून चष्म्याचा नंबर तपासायला सांगितलं. एक मेंबर क्लब सोडून गेले. वाईट वाटलं. आधीच असं खेळवलं असतं तर त्यांना सवय झाली असती, ही खंत आहे. कितीतरी जण आले, खूश होऊन गेले, आणि गुडघे धरून घरी बसले. ते सगळे चेहरे आठवतात.

मागच्या डिसेंबरात शेठनी सरोज मॅडमना सांगितलं, "एक सेट खेळायचा. स्पर्धा नाही, काही नाही. पण माझा पाय बघून सोडायचं नाही मला."

"सोडणार न्हाय, काका," मॅडम म्हणाल्या.

रविवारची सकाळ होती, थंडी. मातीच्या कोर्टाचं काम चाललं होतं, म्हणून सिमेंटचं घ्यावं लागलं. मला ते आवडलं नाही, पण शेठ म्हणाले, चालतंय, डॉक्टरला विचारलंय. मला अंपायरच्या उंच खुर्चीवर बसवलं. अक्का पहिल्यांदाच क्लबात आल्या होत्या, शाल पांघरून बाकावर बसल्या. त्यांना टेनिसचं काही कळत नव्हतं. कोण जिंकतंय, हे त्या मला दर थोड्या वेळानं खालून विचारत होत्या.

शेठ बदलले होते. पूर्वी प्रत्येक फटक्यावर पॉइंट संपवायला बघायचे. आता एक फटका जास्त खेळायचे, श्वास घ्यायला वेळ घ्यायचे, चेंडू मधोमध ठेवून मॅडमनाच कोपरा शोधायला लावायचे. चार-चार झाले. मग मॅडमनी एक गेम काढला. पाच-चार. शेठची सर्व्हिस असताना पुढं गेल्या होत्या, आता सर्व्हिस मॅडमची. चाळीस-तीस. हा पॉइंट गेला की शेठचा सेट गेला.

बारा-पंधरा फटके झाले असतील. शेठ पार मागच्या रेषेच्याही मागं गेले होते. आणि मॅडमनी रॅकेटचं तोंड उघडं केलं. मला वरून दिसलं, आता त्या जाळीपाशी आखूड टाकणार. मनात म्हटलं, बाई, नको. पण त्यांनी शब्द दिला होता, सोडणार नाही म्हणून. चेंडू जाळीवरून अलगद उतरला.

शेठनी बारीक उडी घेतली आणि निघाले.

एक पाऊल, दोन, तीन. उजवी टाच उचलली, टेकली, उचलली. सिमेंटवर बुटाचा आवाज. चौथं पाऊल, पाचवं. रॅकेट जमिनीला घासली, चेंडू जाळीवरून पलीकडं गेला. पाय टेकला, ताणला, आणि टिकला. शेठ जाळीला हात धरून उभे राहिले, दोन्ही पायांवर.

 मॅडम पुढं आल्या होत्या, चेंडू त्यांच्या मागं कुठंतरी गेला होता. दोघंही माझ्याकडं बघत होते.

"मामा, आत का भाईर?"

मातीवर राहते तशी चेंडूची खूण सिमेंटवर राहत नाही. मी रेषेकडं बघितलं, मग शेठकडं. "मी बघितला न्हाय," म्हणालो. "मी टाच बघत हुतो."

शेठनी बाकाकडं मान वळवली. "तू तरी बघितलास का?"

अक्कांनी शाल सावरली. "मी पण पायच बघत होते," त्या म्हणाल्या.

शेठ कमरेवर हात ठेवून, धापा टाकत, एकदा माझ्याकडं आणि एकदा अक्कांकडं बघत राहिले. "बॉल कोण बघणार मग?" ते ओरडले. "मी मरत मरत आणला की तो!" मॅडमना हसू आवरेना. पॉइंट परत खेळायचं ठरलं. शेठ वळले आणि मागच्या रेषेकडं निघाले, आधी दोन पावलं चालत, आणि मग कुणी सांगितलं नसताना, पळत.